मनगटाखालची दोन बोटं

रविवारी सकाळी दहा वाजता चाळीच्या तळमजल्यावरच्या विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. दाराबाहेर चपलांचा ढीग, खिडक्यांतून डोकी, आणि मधोमध सतरंजीवर तेरा वर्षांचा नील. नील जन्मापासून एक शब्दही बोललेला नव्हता. त्याला स्वमग्नता होती आणि जोडीला फिट्स. त्याच्या शेजारी गिरगावातल्या मनवा मॅडम बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर मुळाक्षरांचा मोठा पुठ्ठा होता आणि नीलच्या उजव्या मनगटाखाली त्यांची दोन बोटं होती. फक्त दोन. ती दोन बोटं त्या अधूनमधून सगळ्यांना दाखवत, जादूगार रिकामी बाही दाखवतो तशी.

"मी काही करत नाही हं," त्या म्हणाल्या. "मी नुसता आधार देते. ह्याच्या मेंदूत अख्खी लायब्ररी आहे, फक्त दाराला लॉक लागलंय. आमच्या आधारलेखनात आम्ही तेवढं लॉक काढतो. एकच विनंती आहे. मनात शंका ठेवून समोर बसू नका. ही मुलं फार सेन्सिटिव्ह असतात. शंकेची व्हायब्रेशन्स आली की ती बंद होतात."

लोकांनी शंका चपलांबरोबर बाहेरच काढून ठेवल्या होत्या. नीलचं बोट पुठ्ठ्यावर फिरलं आणि एकेका अक्षराने 'नमस्कार' उमटला. बायकांनी तोंडावर हात घेतले. चाळ कमिटीचे अध्यक्ष शामरावकाका पुढे सरसावले.

"बाळा, टॉवरमधली घरं आपल्याला कधी मिळणार, ते सांग."

बोट फिरलं. मनवा मॅडमनी मोठ्याने वाचलं, "धीर धरा."

"बघा!" शामरावकाका गर्दीकडे वळून म्हणाले, "आर्किटेक्टपण सेम हेच सांगतो!"

खरं तर डिलाईल रोडच्या त्या चाळीत चमत्काराला बंदी होती. ह्याच शामरावकाकांनी तरुणपणी एका बुवाचं रक्त गाळणारं लिंबू भर चौकात उघडं पाडलं होतं. कुणाच्या घरात देव नव्हते, नवस नव्हते, गंडेदोरे नव्हते. एखादा बुवा आला असता तर त्याला जिन्यावरूनच परत धाडला असता. पण इथे बुवा नव्हता. अंगारा नव्हता, घुमणं नव्हतं. इथे पुठ्ठा होता आणि पुठ्ठ्यावर अक्षरं होती. ह्या चाळीत चार पिढ्यांनी अक्षरावर जीव टाकला होता, अक्षराने त्यांना वर काढलं होतं. अक्षर खोटं बोलेल हे कुणाच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

गर्दीत मागे भिंतीला टेकून नीलची आत्या अपेक्षा उभी होती. ती एम.ए. सायकॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला होती. ह्या मनवा मॅडमना घरात तिनेच आणलं होतं. चार महिन्यांपूर्वी एका सेमिनारला त्यांचं प्रात्यक्षिक पाहून ती धावतच घरी आली होती आणि वहिनीला म्हणाली होती, "वहिनी, हे सायन्स आहे. मी सांगते ना." पहिल्याच दिवशी नीलच्या बोटाने 'आई' लिहिलं. प्रितीवहिनी तेरा वर्षं ज्या शब्दाची वाट पाहत होती तो शब्द. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडली होती. अपेक्षाही रडली होती, आणि दुसऱ्या दिवशी तिने आपल्या प्रबंधिकेचा विषय बदलला होता. 'न बोलणाऱ्या मुलाचं अंतर्विश्व'. नीलच्या शब्दांनी तिची दीड वही भरली होती.

मग पुठ्ठ्यावर एक दिवस आलं, 'गोळी नको'. मनवा मॅडमना औषधांचा तसाही तिटकारा होता. "गोळ्यांनी ह्यांचा ब्रेन झोपतो हो," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. वहिनीने गोळी अर्धी केली. तिसऱ्या दिवशी नील मोरीत फिट येऊन पडला आणि हनुवटीला चार टाके पडले. मॅडमनी पुठ्ठा पुढे धरला, तर उत्तर आलं, 'शरीर मोकळं होतंय'.

आज भर विहारात ते टाके दिसत होते आणि नीलचं बोट पुन्हा लिहीत होतं. 'आई, गोळी पूर्ण बंद कर.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनीने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "करते रे राजा. पुढच्या रविवारपासून एकपण नाही."

अपेक्षाने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती त्या टाक्यांकडे बघत होती.

"वहिनी, आधी डॉक्टरांना विचारूया ना," जिन्यात ती म्हणाली.

"तेरा वर्षं डॉक्टरांनाच विचारतेय. ते फाईल बघतात. आता माझा पोरगा स्वतः सांगतोय, तर त्याचं ऐकू नको?" वहिनी थांबली. "आणि तूच म्हणालीस ना, सायन्स आहे?"

सोमवारी अपेक्षा आपल्या मार्गदर्शकांकडे गेली. केळुसकर सर हळू बोलायचे आणि विद्यार्थ्यांची वही पेन्सिल हातात घेऊनच वाचायचे. त्यांनी पंधरा-वीस पानं चाळली. प्रत्येक पानावर अपेक्षाने लिहिलं होतं, 'नीलने लिहिले'. सरांनी ते दोन शब्द खोडून वर बारीक अक्षरात लिहिलं, 'पुठ्ठ्यावर आले'.

"सर, दोन्ही एकच ना?"

"तू काय पाहिलंस? बोट अक्षरावर गेलेलं पाहिलंस. ते कुणी नेलं, ते तू समजून घेतलंस. जे पाहिलं ते आणि जे समजलं ते, ह्या दोन वेगळ्या गोष्टी. पहिल्या सेमिस्टरला शिकवतो आपण." त्यांनी पान उलटलं. "इथे तू विचारलंस, तुझ्या आजीचं नाव काय. उत्तर आलं, सुंदराबाई. खोलीत हे उत्तर कोणाला ठाऊक होतं?"

"मला. वहिनीला. मॅडमना... हो, त्यांनापण. त्या दिवशी आजीच्याच हातचा चहा प्यायल्या होत्या."

"आणि जे फक्त नीललाच ठाऊक आहे, असं कधी विचारलंस?"

अपेक्षाने पानं मागे उलटत नेली. दीड वही भरली, पण हा प्रश्न तिला एकदाही सुचला नव्हता. तो न सुचण्याचं कारणही तिला त्याच क्षणी कळलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. तिला तो प्रश्न सुचायला नको होता.

"व्हिडिओ आहेत?" सरांनी विचारलं. "मग आवाज बंद कर. दर पाच सेकंदांनी थांबव. नीलचे डोळे कुठे आहेत आणि त्या बाईंचे कुठे, एवढंच तक्त्यात भर. दुसरं काही लिहू नकोस."

मंगळवार आणि बुधवार ती लायब्ररीत बसून तक्ता भरत राहिली. आवाज गेला तसा चमत्कारही गेला. मॅडमचं कौतुक, वहिनीचं हुंदके देणं, सगळं बंद झालं आणि उरला एक मुलगा. दहा मिनिटांत एकशेवीस वेळा तिने व्हिडिओ थांबवला. मॅडमचे डोळे एकशेसतरा वेळा पुठ्ठ्यावर होते. नीलचे नऊ वेळा. बाकी वेळ तो पंख्याकडे पाहत होता, खिडकीतल्या कबुतराकडे पाहत होता, एकदा तर चक्क डोळे मिटून बसला होता. आणि त्या मिटल्या डोळ्यांच्या वेळी त्याचं बोट न चुकता 'ज्ञान' लिहीत होतं.

तरी सर म्हणाले, "हा संशय झाला, पुरावा नाही. चाचणी घे. आणि त्या बाईंना आधी सगळं सांग. फसवून चाचणी घ्यायची नाही."

गुरुवारी अपेक्षाने मॅडमना फोन केला. नील आणि मॅडम दोघांना चित्रं दाखवायची, मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा. कधी दोघांना एकच चित्र असेल, कधी वेगवेगळं. एकाला दुसऱ्याचं दिसणार नाही. नीलने त्याला दिसलेलं चित्र लिहायचं.

"अगं, घे की!" मनवा मॅडम हसल्या. "मला काय भीती? तुझ्या पेपरमध्ये माझं नाव नीट टाक म्हणजे झालं."

खोटारडा माणूस इतक्या सहज हो म्हणत नाही, हे अपेक्षाला जाणवलं, आणि तिला आणखीच अस्वस्थ वाटलं.

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता खोलीत टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा उभा राहिला. अपेक्षाचा भाऊ, म्हणजे नीलचे वडील धम्मपाल, आत स्वयंपाकघरात बसले होते. दोन फायलींत बारा-बारा चित्रं त्यांनीच मनाला येईल तशी लावली होती आणि त्याची यादी त्यांच्या खिशात होती. ते बाहेर येणार नव्हते. अपेक्षा फायलींच्या मागे उभी राहून पानं उलटणार होती, तिला चित्रांची फक्त पाठ दिसत होती. शामरावकाका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले. मॅडम वाचतील ते त्यांनी लिहायचं.

"एवढी नाटकं?" काका कुरकुरले. "आपल्या पोराची परीक्षा घेताय की चोराची?"

"दोघांचीही नाही, काका," अपेक्षा म्हणाली. "माझी."

पहिलं पान उलटलं. मनवा मॅडमनी दोन बोटं मनगटाखाली घातली. बोट सरसर फिरलं. त्यांनी वाचलं, काकांनी लिहिलं. दुसरं, तिसरं, चौथं. कुठेही अडखळणं नाही. वहिनी नीलच्या मागे गुडघे टेकून बसली होती. त्याच्या पाठीआडून तिला चित्रं दिसत नव्हती, पण तिच्या चेहऱ्यावर अभिमान मावत नव्हता.

पाचव्या पानाला नील एकदम चुळबुळला. उजवं बोट पुठ्ठ्यावर चालू असतानाच त्याने डावा हात पुढे टाकला आणि फाईलमधलं चित्र ओढून टर्रकन फाडलं.

"नील! असं नाही करायचं राजा, लक्ष दे," वहिनीने त्याचा डावा हात मागे घेऊन घट्ट धरला. फाटलेला कागद त्याच्या मुठीतच राहिला. मॅडमनी उत्तर वाचलं आणि खेळ पुढे चालू राहिला.

बारा झाली. धम्मपाल बाहेर आले. त्यांनी यादी उघडली.

"एक. नीलला बस. मॅडमना बस. काका?"

"बस!" शामरावकाकांनी मांडीवर थाप मारली. "बरोब्बर!"

"दोन. नीलला चमचा. मॅडमना मांजर."

काका कागदाकडे बघत राहिले. "मांजर."

"तीन. नीलला चेंडू. मॅडमना घड्याळ."

"घड्याळ."

"चार. दोघांना मासा."

"मासा. ह्याच्यात आलं बघा..." काकांचा आवाज बारीक झाला.

"पाच. नीलला केळं. मॅडमना छत्री."

"छत्री," काका म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढला.

धम्मपाल शेवटपर्यंत वाचत राहिले. चार वेळा चित्रं सारखी होती आणि चारही वेळा उत्तर बरोबर होतं. आठ वेळा चित्रं वेगळी होती. आठही वेळा पुठ्ठ्यावर आलं होतं ते मॅडमनी पाहिलेलं. नीलने पाहिलेलं एकदाही नाही.

"हे शक्य नाही," मनवा मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता. "मी ढकलत नाही. खरंच नाही. मला जाणवतं ना, तो ओढतो माझा हात! माझ्या मुलाची शपथ घेऊन सांगते."

"तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणतच नाही," अपेक्षा म्हणाली. तिने दोऱ्याला एक लोखंडी नट बांधून आणला होता. तो तिने शामरावकाकांच्या हातात दिला आणि खाली कागदावर एक वर्तुळ काढलं. "काका, हात अजिबात हलवू नका. फक्त मनात म्हणा, हा गोल फिरेल."

काका मिलिटरीतल्या शिपायासारखे ताठ बसले. थोडा वेळ काही झालं नाही. मग नट थरथरला, झुलला, आणि हळूहळू वर्तुळावर गोल फिरू लागला.

"ए! मी नाही हलवत! आईशप्पत नाही हलवत!"

"तेच तर मॅडमही सांगतायत," अपेक्षा म्हणाली. "मनात एखादी गोष्ट घट्ट धरली, की बोटांचे स्नायू आपल्या नकळत तिकडे झुकतात. इतके बारीक, की आपल्याला वाटतं दुसरंच कुणीतरी हलवतंय. तुमच्या हाताला दोरा होता. मॅडमच्या हाताला नील होता."

काकांनी नट खाली ठेवला. चौकात लिंबू कापणारा माणूस त्या नटाकडे बराच वेळ बघत राहिला. "बुवा दिसला की मला कळतं रे," ते हळूच म्हणाले. "पण हे तर शिकल्यासारखं दिसत होतं."

मनवा मॅडमनी पुठ्ठा पिशवीत भरला. "माझ्याकडे एकवीस मुलं येतात," त्या दारात म्हणाल्या. "त्यांच्या आयांना मी काय सांगू?"

"आज इथे जे झालं ते."

त्या जिना उतरून गेल्या. त्यांनी सांगितलं नाही. दोन आठवड्यांनी गिरगावात त्यांचा पुन्हा कार्यक्रम झाला आणि सुरुवातीलाच त्यांनी विनंती केली, मनात शंका ठेवून बसू नका. त्या दिवसापर्यंत त्या नकळत फसवत होत्या. त्यानंतर मात्र तसं म्हणता येणार नाही.

पण त्या शनिवारी अपेक्षाला मॅडमची पर्वा नव्हती. ती वहिनीकडे पाहत होती. वहिनी अजून तिथेच गुडघ्यांवर बसली होती.

"अपू," ती म्हणाली, "मग पहिल्या दिवशी 'आई' लिहिलं, तेपण...?"

अपेक्षाला खोटं बोलावंसं वाटलं. एक शब्द ठेवला असता तिच्याजवळ तर कुणाचं काय जाणार होतं? पण त्या एका शब्दाच्या मागूनच 'गोळी नको' आलं होतं.

"ते पण, वहिनी."

"माझ्याशी तो कधी बोललाच नाही?"

"पुठ्ठ्यावर नाही."

वहिनीने तोंडात पदर कोंबला, तरी हुंदके बाहेर येत राहिले. धम्मपाल तिच्या बाजूला जाऊन बसले. "तू आणलीस ती बाई," वहिनी शेवटी म्हणाली, "आणि आता तूच नेलंस सगळं." अपेक्षाने मान खाली घातली. ते खरं होतं, आणि ते आयुष्यभर खरंच राहणार होतं. तिच्या शब्दावर विश्वास ठेवून एका आईने मुलाची गोळी तोडली होती. टाके मुलाला पडले होते, प्रबंधिका तिची होणार होती.

इतक्यात नील उठला. त्याला रडण्याचा आवाज सहन होत नसे, तो नेहमी दुसऱ्या खोलीत जाई. आज तो गेला नाही. त्याने डावी मूठ वहिनीसमोर आणली आणि उघडली. आत घामाने ओला, चुरगळलेला कागद होता. त्याने तो आईच्या हातात दाबला, तिचं मनगट धरलं आणि तिला ओट्याकडे ओढू लागला. ओट्यावरच्या टोपलीत केळी होती.

वहिनीने कागद उलगडला. केळ्याचं चित्र. पाचवं पान.

"हा तेव्हा हेच मागत होता. आणि मी त्याचा हात मागे धरला."

ह्या गोष्टीतला खरा अन्याय इथे आहे. चमत्कार खोटा ठरला, की लोक म्हणतात, जाऊ दे, निदान समाधान तरी मिळत होतं. पण चार महिने सगळी चाळ नीलच्या उजव्या हाताकडे बघत बसली होती, आणि त्याचा डावा हात कुणी पाहिलाच नाही. खोट्या आवाजाने खरा आवाज गिळला. त्यामुळे एवढंच करा. कुणी कितीही शिकलेलं दिसो, कितीही इंग्रजी शब्द वापरो, कितीही कळवळ्याने सांगो, समोर अंगारा असो की अक्षरं, आधी विचारा की उत्तर कोणाला ठाऊक होतं. आणि जिथे शंका घ्यायला मनाई आहे तिथून चपला घालून बाहेर पडा. आपल्या माणसाने सांगितलं असेल, तर दोनदा विचारा.

आठ वाजता, गोळीच्या वेळेला, वहिनीने केळं कुस्करलं. त्यात पूर्ण गोळी चुरून घातली, अर्धी नव्हे. सोमवारी हॉस्पिटलला जायचं धम्मपालनी आधीच ठरवून टाकलं होतं. नीलने केळं खाल्लं आणि पंख्याकडे बघत राहिला.

अपेक्षा दाराशी चप्पल घालत होती.

"कुठे चाललीस?" वहिनीने विचारलं. आवाजात अजून राग होता. "वही आणलीयस?"

अपेक्षाने पिशवीतून वही काढली.

"नवीन पान घे. तारीख टाक." वहिनीने केळ्याची वाटी खाली ठेवली. "लिही. नीलने आईला केळ्याचं चित्र दिलं. डाव्या हाताने. त्याचा हात कुणी धरला नव्हता."

अपेक्षा लिहीत होती. अक्षरं तिला नीट दिसत नव्हती.

"आणि खाली तेपण लिही," वहिनी म्हणाली. "आई तेव्हा बघत होती."